कान सरकारचे, सहीही सरकारचीच

२६ मार्च १९९१ रोजी दिल्लीच्या ‘मेनस्ट्रीम’ साप्ताहिकात सीबीआयचा एक अहवाल छापून आला. राजकीय नेत्यांचे फोन टॅप होत असल्याच्या तक्रारींचा तपास त्यात होता. महानगर टेलिफोन निगमच्या नोंदी आणि तपास यंत्रणांकडची आदेशपत्रे समोरासमोर ठेवल्यावर हिशेब कुठेच जुळेना. चार क्रमांक टॅप केल्याची नोंद होती, पण त्यांचा आदेश कुणाला दाखवता आला नाही. २७९ क्रमांकांचे आदेश होते, पण निगमच्या यादीत ते क्रमांक नव्हते. १३३ प्रकरणांत मंजूर मुदत संपल्यावरही फोन ऐकले जात होते. १११ प्रकरणांत १८० दिवसांची मर्यादा ओलांडली होती आणि पुढची परवानगी घेतलेली नव्हती. मुदतीनंतरही ऐकणे का चालू राहिले, याचा खुलासा निगमच्या महाव्यवस्थापकांनी दिला. संबंधित अधिकाऱ्यांच्या प्रतिनिधींनी तोंडी सांगितले म्हणून सद्भावनेने ते चालू ठेवले, यापुढे लेखी मागणी आल्याशिवाय तसे होणार नाही, असा तो खुलासा. नागरिकाच्या खासगी बोलण्यावरचा पहारा एका तोंडी निरोपावर चालू राहत होता, हे सरकारच्याच तपास यंत्रणेने लिहून ठेवले. हा अहवाल बाहेर आला नसता, तर भारतातल्या फोन टॅपिंगवरचा सर्वात महत्त्वाचा खटला कदाचित उभाच राहिला नसता.

त्या खटल्याकडे येण्याआधी माझे म्हणणे मांडतो. आपल्याकडे फोन टॅपिंगचा वाद नेहमी कारणांभोवती फिरतो. देशाची सुरक्षा धोक्यात होती का, भ्रष्टाचार पुरेसा मोठा होता का, अमक्याचा फोन ऐकणे योग्य होते का, याची चर्चा होते. गेल्या १४० वर्षांचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न वेगळा दिसतो. कारण पुरेसे आहे की नाही, हे तपासणारा कोण? १८८५ पासून आजपर्यंत याचे उत्तर बदललेले नाही. ऐकण्याची गरज सरकारला वाटते, परवानगी सरकारचा सचिव देतो, आणि ती बरोबर होती का हे सरकारचेच दुसरे सचिव बघतात. न्यायालयांनी वेळोवेळी या व्यवस्थेला नियम घातले, मुदती घातल्या, पण सचिवालयाबाहेरचा माणूस तिच्यात आणला नाही. त्यामुळे खासगीपणाचा हक्क घटनेत मान्य होऊनही, ज्याच्यावर कधी खटला होत नाही अशा सामान्य माणसाला तो वापरता येत नाही.

या व्यवस्थेचा पाया समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८८० मध्ये लंडनच्या एक्स्चेकर विभागासमोर एडिसनच्या टेलिफोन कंपनीचा खटला आला. टेलिफोन ही तारयंत्राहून निराळी वस्तू आहे, म्हणून तारेवरची टपाल खात्याची मक्तेदारी आम्हाला लागू नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि टेलिफोन कायद्याच्या दृष्टीने तारेतच मोडला. निकाल न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचा. याच स्टीफन यांनी त्यापूर्वी व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे विधी सदस्य म्हणून १८७२ चा भारतीय पुरावा कायदा तयार केला होता. पुढे मुंबईतल्या एका फोन टॅपिंगच्या खटल्यात तोच कायदा निर्णायक ठरला. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली आणि तीन वर्षांनी भारतीय तार कायदा आला. त्यातली तारेची व्याख्या इतकी ऐसपैस होती की पुढची शंभराहून अधिक वर्षे टेलिफोन आणि मोबाइल तिच्यातच सामावले गेले.

या कायद्याच्या कलम ५ ने सरकारला सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा आणि मिळवण्याचा अधिकार दिला. आणीबाणी खरोखर होती का, अशी शंका कुणी काढली तर? त्याचीही सोय त्याच कलमात होती. सरकारच्या सचिवाने सही केलेला दाखला हा त्या बाबतीतला निर्णायक पुरावा मानला जाईल. म्हणजे न्यायाधीशाने सचिवाच्या सहीच्या पलीकडे बघायचेच नाही. परकी सत्तेला आपल्या प्रजेवर नजर ठेवायला असा कायदा सोयीचा होता यात नवल नाही. नवल याचे वाटते की २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाल्यावरही ही तरतूद आणखी २२ वर्षे तशीच राहिली. १९७२ मध्ये संसदेने कलम ५ बदलले. निर्णायक दाखल्याची तरतूद गेली. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडत्व, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी रोखणे अशी पाच कारणे आली, आणि कारण लेखी नोंदवण्याचे बंधन आले. सही मात्र सरकारच्याच हाती राहिली.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला निकाली काढला. मलकानी हे मुंबईचे कॉरोनर होते. एका डॉक्टरने शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णाचा १९६४ मध्ये मृत्यू झाला. मृत्यूची चौकशी अनुकूल व्हावी म्हणून त्या डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा आरोप मलकानी यांच्यावर आला. मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरने लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला साथ दिली. त्याच्या संमतीने त्याच्या टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला गेला आणि मलकानींशी झालेले बोलणे ध्वनिमुद्रित झाले. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, म्हणून तार कायद्याचा भंग झालाच नाही, असे न्यायालयाने म्हटले. इथवरचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण निकाल तिथे थांबला नाही. पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला असला तरी तो प्रकरणाशी संबंधित असेल तर ग्राह्य आहे, हे तत्त्वही त्यात आले. न्यायालयाच्या मते हे संरक्षण निरपराध नागरिकासाठी होते, कायदा राबवू पाहणाऱ्या पोलिसांपासून लपू पाहणाऱ्या अपराध्यासाठी नव्हते.

या तर्कातली अडचण लक्षात घ्यायला हवी. फोन ऐकण्याआधी कोण अपराधी आणि कोण निरपराध हे कुणालाच ठाऊक नसते, ते ठरवण्यासाठीच तर फोन ऐकतात. ज्याचा फोन ऐकून काही सापडले नाही, त्याला आपला फोन ऐकला गेल्याचे कळत नाही, म्हणून तो न्यायालयात येत नाही. ज्याच्याविरुद्ध काही सापडते तो येतो, आणि त्याला सांगितले जाते की हे संरक्षण तुझ्यासाठी नाही. मग ते संरक्षण मागायला येणार कोण? दोन दशके या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. १९७५ च्या ‘हुकमचंद श्यामलाल’ खटल्यात मात्र एक आधार मिळाला. दिल्लीतल्या सट्टेबाजीच्या संशयावरून सरकारने टेलिफोन ताब्यात घेतले होते. आर्थिक स्वरूपाची कुठलीही अडचण म्हणजे सार्वजनिक आणीबाणी होत नाही आणि ती अट खरोखर पूर्ण झाली पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. पाच कारणांपैकी एक दाखवण्याआधी आणीबाणीचा किंवा सुरक्षिततेचा उंबरठा ओलांडावा लागतो, हा विचार इथून पुढे टिकला.

ऐंशीच्या दशकात हा विषय राजकारणाच्या मध्यभागी आला. १९८६ मध्ये संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून पत्रे अडवण्याचे सरकारचे अधिकार वाढवणारे विधेयक मंजूर केले, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्या विधेयकावर सही केली नाही. ते तसेच पडून राहिले आणि २००२ मध्ये मागे घेतले गेले. ऑगस्ट १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी सीबीआयचा अहवाल छापून आला आणि तो घेऊन ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना, म्हणजे पीयूसीएल, सर्वोच्च न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश राजिंदर सच्चर यांनी संघटनेची बाजू मांडली. फोन टॅप करण्यापूर्वी न्यायाधीशाची परवानगी घेण्याची सक्ती असावी, ही त्यांची मुख्य मागणी होती.

१८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि एस. सगीर अहमद यांनी निकाल दिला. घरात किंवा कार्यालयात बसून केलेले फोनवरचे बोलणे हा खासगी आयुष्याचा भाग आहे, म्हणून त्याला घटनेच्या कलम २१ चे आणि भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता या गुप्त ठेवण्याच्या गोष्टी नव्हेत, विचारी माणसाला त्या दिसल्या पाहिजेत, हेही सांगितले. तार कायद्याने नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला होता, तरी शंभराहून अधिक वर्षांत नागरिकाच्या बचावाचे नियम झालेच नव्हते. म्हणून न्यायालयाने स्वतः मार्गदर्शक तत्त्वे घातली. आदेश फक्त गृहसचिव देईल. त्याची प्रत आठवड्याच्या आत आढावा समितीकडे जाईल. आदेशाची मुदत दोन महिने, आणि कितीही वाढवली तरी एकूण सहा महिने. काय ऐकले, किती प्रती काढल्या, कुणाकुणाला दिल्या याची नोंद राहील आणि गरज संपताच त्या प्रती नष्ट होतील. या तत्त्वांनी १९९१ च्या अहवालातल्या जवळजवळ प्रत्येक गैरप्रकाराला उत्तर दिले. सच्चर यांची न्यायाधीशाच्या परवानगीची मागणी मात्र मान्य झाली नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, ती करायची तर सरकारने करावी, असे न्यायालयाने म्हटले. आढावा समितीत केंद्राच्या पातळीवर बसले कॅबिनेट सचिव, विधी सचिव आणि दूरसंचार सचिव.

पीयूसीएलचा निकाल मोठा होता, हे मी मनापासून मानतो. पण ज्या जागी त्याने हात आवरला, नेमक्या तिथूनच पुढची तीस वर्षे पाणी झिरपत राहिले. २००७ मध्ये तार नियमांतला नियम ४१९ अ सुधारून ही तत्त्वे त्यात घातली गेली. आढावा समितीने दोन महिन्यांतून किमान एकदा बसावे असे त्यात होते. एकट्या केंद्र सरकारकडून महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश निघत होते, असे माहिती अधिकारातल्या उत्तरातून पुढे आले. २०१८ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने हाच आकडा धरून दाखवले की आढावा समितीला एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश बघावे लागतील. बैठक सलग आठ तास चालली, चहालाही कुणी उठले नाही, असे धरले तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत नाव आणि क्रमांक वाचून होत नाही, कारण पुरेसे आहे का हे ठरवणे दूरच. या तिन्ही सचिवांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. जगातला सर्वात प्रामाणिक माणूस त्या खुर्चीत बसवला तरी हे काम होणार नाही, इतकेच म्हणतो.

बाहेरचा डोळा नसला की काय होते, याचे एक उदाहरण २०११ च्या ‘अमर सिंग’ खटल्यात आहे. २००५ मध्ये एका मोबाइल कंपनीने पोलिसांच्या पत्रावरून राज्यसभेच्या या सदस्याचा फोन टॅप केला. ते पत्र बनावट निघाले. त्यात भाषेच्या ढोबळ चुका होत्या आणि तरीही कंपनीतल्या कुणाला संशय आला नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. असे पत्र आले की कंपनीने त्याची खातरजमा करावी, असे बजावले. नियम ४१९ अ मध्येही कंपनीच्या अधिकाऱ्याने दर पंधरा दिवसांनी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणांकडे पाठवून ते खरे असल्याची खात्री करून घ्यावी अशी तरतूद होती. म्हणजे सचिवालयाबाहेरचा एकच माणूस या साखळीत होता, तो कंपनीतला कर्मचारी. पुढे सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टीम आली. कंपनीच्या माणसाच्या हातून न जाता सरकारी केंद्रातून थेट फोन ऐकता यावा, अशी तिची रचना आहे. त्यामुळे गुप्तता वाढते, काम लवकर होते, असे समर्थन केले जाते आणि ते खरेही आहे. पण बनावट पत्र ओळखण्याची जबाबदारी ज्याच्यावर न्यायालयाने टाकली होती, त्यालाच या रचनेने बाजूला केले, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी नेमला नाही.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा मोठा आहे. १९९९ च्या मोक्का कायद्यात संघटित गुन्हेगारीच्या तपासासाठी टॅपिंगची स्वतंत्र तरतूद आली. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमे रद्द केली, कारण टेलिफोन हा केंद्राच्या यादीतला विषय आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. या वादात कायद्याचा एक चांगला भाग झाकला गेला. मोक्कात परवानगीचा अर्ज तपशिलाने करावा लागतो, तपासाचे इतर मार्ग का चालणार नाहीत हे सांगावे लागते. आणि दरवर्षी किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले याचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवण्याची तरतूद त्यात आहे. आकडे जाहीर केले की सुरक्षा धोक्यात येते, असे ज्यांना वाटते त्यांनी हा कायदा वाचावा. दाऊदच्या टोळीपासून खंडणीखोरांपर्यंत सगळ्यांशी लढण्यासाठी केलेल्या कायद्यालाही हा हिशेब जड वाटला नाही. राष्ट्रीय पातळीवर तशी तरतूद आजही नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ‘पुट्टस्वामी’ खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. सरकारला त्यात शिरायचे असेल तर कायदा हवा, उद्देश योग्य हवा आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रणजित मोरे आणि एन. जे. जमादार यांनी ही कसोटी प्रत्यक्ष लावली. बँकेच्या अधिकाऱ्याला कर्जासाठी दहा लाखांची लाच दिल्याच्या संशयावरून एका व्यावसायिकाचे फोन टॅप केले गेले होते. त्यासाठी २००९ आणि २०१० मध्ये तीन आदेश निघाले होते. अशा लाचेत ना सार्वजनिक आणीबाणी आहे ना सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न, असे सांगून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितले. बेकायदा मिळवलेला पुरावा चालवून घेतला तर कायदा मोडण्यालाच उत्तेजन मिळेल, हे त्यामागचे कारण. १९७२ च्या तर्काला इतके सरळ उत्तर यापूर्वी क्वचितच कुणी दिले होते. तरी निष्कर्ष सगळीकडे एक नाही. जून २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या आर्थिक भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग योग्य मानले, आणि आठवडाभरातच, २ जुलैला, मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातला २०११ चा आदेश रद्द केला.

या निकालांची नीट रांग लावली तर एक गोष्ट ठळक होते. न्यायालयात पोहोचलेला जवळजवळ प्रत्येक जण एकतर आरोपी होता किंवा नामवंत होता. आरोपीला आरोपपत्रातून कळते, नामवंताला बातमीतून. बाकीच्यांना कळण्याचा मार्ग काय? एका वकिलाने आपला फोन टॅप झाला होता का, हे माहिती अधिकारात विचारले. तो वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने ही माहिती देण्यापासून सूट असल्याचे ठरवले. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या आरोपांवर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच होते असे ठरले नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने नोंदवले. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेली चौकशी जिथे अडते, तिथे सांगलीच्या शिक्षकाने किंवा परभणीच्या पत्रकाराने कुठे दाद मागायची?

न्यायाधीशाची परवानगी हवी, या मागणीवरचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप २६/११ चा. २००८ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाउसमधले अतिरेकी पाकिस्तानातल्या म्होरक्यांशी फोनवर बोलत होते आणि ते बोलणे आपल्या यंत्रणांनी ऐकले. कसाबच्या खटल्यात त्या संभाषणांनी कटाचा धागा सीमेपलीकडे नेला. अशा वेळी न्यायाधीशाची वाट बघायची का? नाही, बघायची नाही. पण सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण नाही आणि माझ्या मागणीने त्याला कुठेच अडथळा येत नाही. आजच्या नियमातही तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आदेश देऊ शकतो आणि कामकाजाच्या सात दिवसांत वरून मंजुरी घेतो. ही मंजुरी गृहसचिवाऐवजी न्यायाधीशाने द्यावी, एवढाच बदल हवा. पहिल्या मिनिटाला फोन ऐकता येईलच, फरक सातव्या दिवशी पडेल. आणि हजारो आदेशांपैकी बहुतेकांमागे जळते ताज नसते, हे मुंबई आणि मद्रासच्या निकालांतून दिसतेच.

दुसरा आक्षेप असा की न्यायाधीशही डोळे मिटून सही करतील. अमेरिकेत परकी हेरगिरीसाठीच्या खास न्यायालयाने सरकारचे बहुतेक सगळे अर्ज मंजूर केले आहेत, हे खरे आहे. पण त्याच देशात १९६८ च्या कायद्याने साध्या गुन्ह्यांसाठी वेगळी रीत घातली. न्यायाधीशाचा आदेश, काम संपल्यावर साधारण ९० दिवसांत ज्याचा फोन ऐकला त्याला सूचना, आणि दरवर्षी जाहीर होणारे आकडे. बाहेरच्या माणसाला पटवावे लागणार हे माहीत असले की अर्ज लिहिणारा अधिकारीच आधी विचार करतो. आपल्या न्यायालयांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हेही म्हणतात. तो आहे. पण अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचा नियम आपण त्या डोंगरासाठी रद्द केला नाही. आणि महिन्याचे नऊ हजार आदेश न्यायाधीशांना झेपत नसतील, तर ते तीन सचिवांनाही झेपत नाहीत. मग आदेश कमी काढायला हवेत.

तिसरा आक्षेप सर्वात लोकप्रिय आहे. ज्याने काही केले नाही त्याला भीती कसली? पण फोनला दोन टोके असतात. डॉक्टरचा फोन ऐकला तर रुग्णाचे दुखणे कळते, वकिलाचा ऐकला तर अशिलाची बाजू, पत्रकाराचा ऐकला तर त्याला विश्वासाने माहिती देणारा कारकून. यांपैकी कुणी काही केलेले नसते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये राजकीय नेत्यांचे फोन गुन्हेगारांच्या नावांखाली टॅप झाल्याच्या आरोपांवरून गुन्हे दाखल झाले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, त्यामुळे त्या प्रकरणात कुणाला दोषी म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण खोट्या नावाने एखादा क्रमांक आदेशात घातला तर तो कुणाच्या नजरेस येईल, हा प्रश्न गुन्हे रद्द झाल्याने सुटलेला नाही. निरपराध माणसाला भीती नसावी असे वाटत असेल, तर त्या आदेशावरचे नाव आणि क्रमांक ताडून बघणारा परका माणूस हवा.

डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा केला आणि २६ जून २०२४ पासून त्याचे कलम २० लागू झाले. १८८५ च्या कलम ५ ची जागा त्याने घेतली. सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता मात्र जवळपास त्याच शब्दांत नव्या कायद्यात आल्या, आणि डिसेंबर २०२४ च्या नियमांत गृहसचिव व सचिवांची आढावा समितीही आली. पीयूसीएलच्या वेळी न्यायालय म्हणाले होते की न्यायाधीशाची परवानगी कायद्यात नाही, ती आणणे सरकारचे काम. २७ वर्षांनी कोरा कागद समोर असताना संसदेने ती आणली नाही. आता पुट्टस्वामीची कसोटी हातात आहे आणि पुढच्या आव्हानात तिचा रोख कारणांवर न ठेवता सहीवर ठेवायला हवा. आदेश न्यायाधीशाचा असावा, तपास संपल्यावर नागरिकाला कळावे, आणि वर्षाचे आकडे विधिमंडळात व संसदेत यावेत. यातली पहिली गोष्ट सच्चर यांनी १९९६ मध्येच मागितली होती, तिसरी महाराष्ट्राच्या कायद्यात १९९९ पासून लिहिलेली आहे. ज्याच्यावर कधी आरोप झाला नाही आणि ज्याचे नाव कधी छापून आले नाही, त्यालाही जो हक्क वापरता येतो तोच खरा मूलभूत हक्क, आणि या तीन गोष्टींशिवाय तो त्याच्या हाती पडणार नाही.